मेथीतले सहा गोल

“उपयोग मेंढराला विचारावा, गणिताला विचारू नये.”

हे वाक्य चितळकर सर आयुष्यात एकदाच बोलले, आणि ते ज्या प्रश्नाचं उत्तर होतं तो प्रश्न स्नेहल औटीने विचारला होता. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, जुलै महिना, फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अविभाज्य संख्यांची सिद्धता. ती संपवून सरांनी हात झटकले तेव्हा पहिल्या बाकावरून स्नेहल उठली नि म्हणाली, “सर, हे लागतं कशाला?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत राहिले. हायवेवरून टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला एक टेम्पो नारायणगावच्या बाजाराकडे चालला होता. तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी ते वाक्य उच्चारलं, डस्टर उचललं आणि सगळं पुसून टाकलं.

त्याला आता चौदा वर्षं झाली. स्नेहल पुण्याला जाऊन एम.एस्सी. झाली, काही वर्षं एका कंपनीत संगणकावर आकडेमोड करून कंटाळली, आणि त्याच कॉलेजात, त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला आली. विभागात माणसं दोन. एक ती, दुसरे विभागप्रमुख बी. आर. चितळकर.

त्या ‘बी’चा अर्थ भिका. आधीची दोन मुलं गेल्यावर तिसऱ्याला नजर लागू नये म्हणून आईने ठेवलेलं नाव. पण कॉलेजात ते कुणी उच्चारत नसे, आणि सरही चिखलाच्या चपला दाराबाहेर काढाव्यात तसं ते नाव बाहेर ठेवूनच आत येत. उंच, वाळके, खांद्यात थोडे वाकलेले. आळेफाट्याहून सकाळच्या एसटीने यायचे, आणि जागा मिळाली तरी उभ्यानेच एका लांबट वहीत काहीतरी लिहीत असायचे. त्या वहीत संख्यांचा एक जुना प्रश्न होता. तीस वर्षं ते त्याच्याशी झोंबत होते. त्यातून चार पानांचा एक निबंध तेवढा छापून आला होता. “जगात तिघांनी वाचला असेल,” असं सर सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, चौथ्याची मुळी गरजच नाही.

त्यांचं मूळ घर आण्याच्या पठारावर. घर पावसाळ्यापुरतं, एरवी मेंढरं जातील तिथं चूल. वडील गेले तेव्हा सर आठ वर्षांचे होते, आणि पुढे सगळा कळप आई धोंडाबाईने सांभाळला. मेंढरू म्हणजे सगळंच उपयोगाचं. लोकर, दूध, लेंडी, कातडं, मांस. मेल्यावरसुद्धा त्याला सुटी नाही. अशा घरात वाढलेल्या मुलाला शाळेत एक दिवस कळलं की अविभाज्य संख्या कधी संपत नाहीत, आणि त्या संपत नाहीत यातून कुणालाही काहीही मिळत नाही. ती संख्यांची रांग त्याला मोकळ्या माळासारखी वाटली, जिथं हाकायला काही नाही आणि राखायलाही काही नाही. तो त्या माळावर गेला तो परत आलाच नाही. हे सगळं स्नेहलला फार उशिरा समजलं. तोवर तिचा समज होता की सरांना माणसांचाच कंटाळा आहे.

गेल्या दिवाळीनंतर प्राचार्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

“चितळकर, तिसऱ्या वर्षाला गणिताला पोरं किती?”

“सात.”

“पुढच्या जूनला वीस नसतील तर विषय बंद. विद्यापीठाचं पत्रच आहे. काहीतरी नवीन द्या, समिती बोलावतो, मंजुरी घेऊ. नाहीतर तुम्हाला शेवटची तीन वर्षं कॉमर्सच्या पोरांना टक्केवारी शिकवायला लागेल.” मग स्नेहलकडे बघून, जरा हळू आवाजात, “आणि मॅडम, तुमचे तास तर राहतच नाहीत.”

स्नेहलकडे नवीन काहीतरी तयारच होतं. वर्षभर ती मनात तेच घोळवत होती. गणिताच्या पदवीलाच एक जोडवाट: उपयोजित गणित. संख्याशास्त्र, नियोजनाचं गणित, संगणकावरची आकडेमोड, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या भागातला एक प्रश्न घेऊन वर्षभर सोडवायचा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आवक कोणत्या दिवशी फुगते, डिंभ्याच्या कालव्याचं पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचायला किती दिवस घेतं, आळेफाट्याची जीप भरेपर्यंत किती थांबते. बावीस पानांचा प्रस्ताव तिने तीन आठवड्यांत लिहून काढला आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी दोन दिवस घेतले. अक्षर न् अक्षर वाचलं. सहाव्या पानावर उलटं पडलेलं एक असमानतेचं चिन्ह लाल शाईने सरळ केलं. प्रत्येक पानाखाली विभागप्रमुख म्हणून सही केली आणि कागद परत दिले.

“मग सर, तुम्हाला पटलं?” स्नेहलने विचारलं.

“सही केली.”

“पण समितीपुढे विभागप्रमुखालाच बोलावं लागतं. मी तासावरची. मला कोण विचारणार?”

“विचारलं तर खरं सांगेन.”

“म्हणजे काय सांगाल?”

“मला वाटतं ते. खोटं मी वर्गात बोललो नाही, समितीपुढे कशाला बोलू?” एवढं म्हणून त्यांनी वही उघडली. वही उघडली की दार बंद.

 समिती जानेवारीच्या अखेरीला येणार होती. आणि सगळं या एका माणसाच्या खरेपणावर अडलं होतं, ज्या खरेपणामुळेच ती गणिताकडे वळली होती.

तरी तिने एक गोष्ट मनाशी ठरवली. चौदाव्या पानावर एक सोडवलेलं उदाहरण होतं, ते नुसतं कागदावर न ठेवता करूनच दाखवायचं. उदाहरण मेंढरांचं होतं. सुगी झाली की त्या बाजूचे शेतकरी धनगरांना बोलावून वावरात मेंढरं बसवतात. रात्री मेंढरं एका जागी कोंडायची, लेंडी-मुताचं खत जमिनीत मुरतं; दुसऱ्या रात्री शेजारच्या तुकड्यात; असं करत सगळं वावर खताचं होतं. मोबदल्यात धनगराला धान्य. मेंढरांभोवती लावायच्या दोरीच्या जाळीला वाघर म्हणतात. वाघरीची लांबी ठरलेली, ऐंशी हात. मग तिच्यात जास्तीत जास्त जमीन मावेल असा आकार कोणता? चौकोन केला तर चारशे चौरस हात. वर्तुळ केलं तर पाचशे नऊ. तीच दोरी, तीच मेंढरं, आणि जमीन सव्वापट.

तिचे वडील भिमाजी औटी यांचं वावर कळंबच्या पुढे. त्यात आठ गुंठे मेथीसाठी मोकळे ठेवले होते, आणि यमाजी नावाचा धनगर आपला कळप घेऊन आलाच होता. स्नेहल संध्याकाळी बांधावर गेली आणि तिने आपला बेत सांगितला.

“गोल?” यमाजीने मुंडासं मागे सारलं. “ताई, गोलाला कोपरा कुठंय?”

“कोपरा कशाला हवा?”

“आता घ्या! चार कोपऱ्याला आमी चार मानसं झोपतो. बिबट्या आला तर कळाया नगं?”

“बिबट्या काय कोपरा हुडकत येतोय व्हय रं?” भिमाजी म्हणाले.

“त्यो न्हाई हुडकत, पाटील. पन आमाला झोपाया लागतो ना एक ठरल्याली जागा.”

“एकाआड एक झोपा की गोल गोल. तू ऐक तिचं. पोरीनं हिशेब काढलाय. दहा रातीचं काम सहा रातीत!”

“आनि माझं धान्य? ते बी सहाच रातीचं?”

“दहाचंच देतो बाबा. जीव नको खाऊस.”

यमाजी हसला. “मग गोल तर गोल. म्हनाल तर चांदनीसारकी लावतो, राव.”

स्नेहलने मधे एक मेख ठोकली, दोरीने वर्तुळ आखून दिलं, मोबाइलवर फोटो काढले. सहा संध्याकाळी, सहा गोल. लांबीला तीन, रुंदीला दोन, एकमेकांना नेमके टेकलेले. सातव्या दिवशी भिमाजींनी वरवर कुळवून वाफे पाडले, मेथी टाकली, आणि गावात दोघातिघांना सांगितलंही, “आमच्या स्नेहलनं चार राती वाचवल्या.”

मेथी मोठी प्रामाणिक भाजी. तिच्यापाशी गुपित टिकत नाही. अठराव्या दिवशी आठ गुंठ्यांत सहा गोल वर आले. काळेभोर हिरवे, घोट्याच्या वर निघालेले, जणू कुणी वावरात सहा मोठ्या भाकऱ्या थापून ठेवल्यात. आणि भाकऱ्यांच्या मधे, चारी कोपऱ्यांना, कडेकडेने, पिवळट खुरटी मेथी. मधल्या दोन जागा तर अगदी चांदणीच्या आकाराच्या.

स्नेहल बांधावर उभी होती आणि तिचा चेहरा त्या मधल्या मेथीसारखा झाला होता. पाचवीतलं पोर सांगेल: गोल गोलाला चिकटून ठेवले की मधे फट राहणारच. पुण्याची एम.एस्सी., कंपनीतली आकडेमोड, बावीस पानं, आणि एकदाही डोक्यात आलं नाही. एका रात्रीची जमीन तिने मोजली होती, आणि लांबीला तीन, रुंदीला दोन गोल टेकले की वावर भरलं असं धरलं होतं. वावर मोजायचं राहून गेलं होतं.

“आण्णा, मी काय केलं हे?”

भिमाजींनी तंबाखू चोळत एकवार सगळ्या वावरावर नजर फिरवली. “काय न्हाई. आता यंदा तोडायला सोपं. गोल गोल हिंडत तोडायचं.”

“चेष्टा नका करू.”

“अगं, चेष्टा करायला मी कशाला, गाव हाये की!”

गाव खरंच होतं. दुपारपर्यंत रस्त्यावर मोटारसायकली थांबायला लागल्या. “भिमाजीआण्णा, विमान उतरवताय का?” “तव्यावर उलटा आता, एका बाजूनं झाल्यात.” “पाटील, भाकरीसंगं कोरड्यास कुठंय?” कुणीतरी पाण्याच्या टाकीवर चढून वरून फोटो काढला आणि तो तालुकाभर फिरला. फिरत फिरत तो कॉलेजचा शिपाई सोपान याच्या मोबाइलवर आला, आणि सोपानने तो चितळकर सरांसमोर धरला, कारण सरांकडे साधा फोन होता आणि जगातल्या गमती त्यांना दाखवणं हे सोपान आपलं काम समजत असे.

समितीला चार दिवस राहिले होते. स्नेहल स्टाफरूममध्ये चौदावं पान फाडून टाकावं की काय या विचारात बसली होती, तेवढ्यात सर आत आले.

“ते वावर तुमचं?”

“हो सर.” तिने मान वर केली नाही.

“मला दाखवता?”

स्कूटरवर मागे बसून, वही छातीशी धरून, सर वावरापर्यंत आले.  बांधावर चढले. बघितलं. आणि मग जे झालं ते स्नेहलने चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं: सर हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्यांना बांधावर खाली बसावं लागलं. चष्मा काढून ते डोळे पुसत होते आणि पुन्हा वावराकडे बघून पुन्हा हसत होते.

“सर, हसा तुम्ही. माझं सगळं गेलं आणि तुम्ही हसा.”

“अहो, तुमचं एकटीचं कसं? ते पान तपासून सही मी केलीय.” त्यांना दम लागला होता. “एक चिन्ह दुरुस्त केलं आणि हे दिसलं नाही. मला! मी स्वतः वाघर ओढलीय दहा वर्षं!”

पलीकडच्या वावरातून यमाजी काठी टेकत आला. त्याने या पांढऱ्या शर्टाच्या, बांधावर बसून हसणाऱ्या माणसाकडे नीट बघितलं.

“पावणं कुटलं म्हनायचं?”

“आण्याचे.”

“आन्याचं? वरल्या अंगाचं का खालल्या?” यमाजी आणखी जवळ आला, वाकून बघितलं. “धोंडाबाईचं भिका नव्हं तुमी?”

स्नेहलला वाटलं, आता सर वही उघडणार. सर म्हणाले, “व्हय.”

त्यांच्या तोंडून तिने ‘व्हय’ कधी ऐकलं नव्हतं. तो शब्द इतका सहज आला, जणू इतकी वर्षं जिभेखालीच होता.

“आरं तुझ्यायला!” यमाजी खाली बसकण मारून म्हणाला. “लई वाघ बाई. आमचा थोरला भाऊ सांगायचा, तिला कळप मोजाया लागायचा न्हाई. कडंला हुबं ऱ्हायची आनि म्हनायची, ती कानफाटी आली न्हाई आज.”

“आकडा तिला शेवटपर्यंत माहीत नव्हता,” सर म्हणाले. “कितीयेत विचारलं की म्हणायची, हायेत की सगळी.”

 मग सरांनी एक काटकी उचलली आणि बांधाच्या मातीत रेघा ओढायला सुरुवात केली.

“यमाजी, चौकोन लावता तेव्हा कोपऱ्यात मेंढरं बसतात?”

“न्हाई बसत. दाटली तर कोकरू चेंगरतं. कोपरा मोकळाच ऱ्हातो.”

“म्हणजे चौकोनही खरा चौकोन नाही. कोपरे वाया. गोलात कोपरे नाहीत, पण बाहेर फटी. मग मधलं काय?” त्यांनी एक आकार काढला, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा. सहा बाजूंचे. एकाला एक बसत गेले. मातीत मधाचं पोळं तयार झालं. “फट नाही. ऐंशी हातांत चारशे बासष्ट. गोलाहून कमी, चौकोनाहून जास्त. आणि कोपरा इतका बोथट की मेंढरू त्यात आरामात बसेल.”

“सहा मेखा मारायच्या म्हना की,” यमाजी म्हणाला.

“सहा मेखा.”

“मग मानसं बी सहा लागत्याल. मी, माझी बाई, दोन पोरं. चार. वरली दोन कुटनं आनू? तुमी येताव का कोपऱ्याला झोपाया?”

सरांची काटकी थांबली. त्यांनी यमाजीकडे असं बघितलं, जसं हुशार विद्यार्थ्याकडे बघतात. मग मातीकडे. मग वही उघडून बांधावरच लिहायला लागले. ऊन कलत गेलं. भिमाजी चहा घेऊन आले, चहा गार झाला, भिमाजी परत घेऊन गेले.

“तुझं सर असंच हाये का गं?” त्यांनी स्नेहलला विचारलं.

“नाही आण्णा. आज जरा जास्तच आहेत.”

परतीच्या वाटेवर सर मागे बसून कोपरेच मोजत होते. प्रस्तावाबद्दल काही नाही, समितीबद्दल काही नाही. स्नेहलने चौदावं पान फाडलं नाही, पण त्याचं काय करावं हेही तिला कळेना. आनंदी माणूस खोटं बोलतो असं थोडंच आहे? हसत हसतसुद्धा तो म्हणू शकत होता की हे गणित नव्हे.

समिती आली ती हायवेच्या वाहतुकीत अडकून दीड तास उशिरा. तिघं होते. अध्यक्ष सत्तरीचे, शुद्ध गणितातले, कानात यंत्र. दुसऱ्या संख्याशास्त्राच्या मोहिनी रणदिवे. तिसरे एका इंजिनिअरिंग कॉलेजचे सर, जे आल्याआल्या द्राक्षांच्या ताटलीजवळ बसले. प्राचार्यांनी स्वागत केलं, ते जरा लांबलं. मग अध्यक्षांनी प्रस्ताव उघडला, पानं उलटली, आणि सरळ चितळकर सरांकडे पाहिलं.

“चितळकर, तुम्ही आणि मी एकाच कळपातले. शुद्धवाले. मला कागद दाखवू नका, खरं सांगा. हे तुम्हाला पटतं का? की विषय वाचवायचा म्हणून सही केली?”

 प्राचार्य सरांकडे न बघता हसत होते. स्नेहलने टेबलाखाली स्वतःचा अंगठा मुठीत धरला.

सर उठले. “सही केली तेव्हा पटत नव्हतं,” ते म्हणाले. “आणि चौदाव्या पानावरचं उत्तर चूक आहे.”

प्राचार्यांचं हसू तिथेच राहिलं, फक्त डोळे बंद झाले.

“चूक औटी मॅडमची नाही. पान मी तपासलं होतं. चूक मेथीने दाखवली. तीस वर्षांत माझी चूक मला इतक्या लवकर कुणी दाखवली नव्हती.” ते फळ्याकडे वळले. “दाखवतो. सोपान, तो फोटो आण.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. वाघर, ऐंशी हात, चार कोपऱ्याला झोपणारी चार माणसं, सहा गोल. मोबाइल हातोहात फिरला. अध्यक्षांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि त्यांच्या कानातलं यंत्र निसटून पडेपर्यंत ते हसले. “भाकऱ्या! अहो, भाकऱ्याच की या!” सरांनी फळ्यावर सहा बाजूंचं पोळं काढलं. मग खडूने एक एक कोपरा ठळक केला आणि म्हणाले, “माणसं चार आहेत. कोपरे सहा. उत्तर माझ्याकडे नाही.”

“नसायला काय झालं?” अध्यक्ष उठून उभे राहिले. “षट्कोन सर्वांत चांगला, हे सिद्ध झालेलं आहे.”

“अमर्याद पठारासाठी, सर,” इंजिनिअरिंगवाले तोंडातलं द्राक्ष गिळून म्हणाले. “हे आठ गुंठे आहेत. कडेला तुमचे षट्कोन अर्धे तुटणार.”

“तुटले तर तुटले!”

“तुटलेल्या अर्ध्यात कळप कसा कोंडणार? मेंढीही अर्धी करायची का?”

“थांबा, थांबा,” रणदिवे मॅडम पुढे आल्या. “तुम्ही दोघंही मूळ गोष्ट विसरताय. मेंढ्या तितक्याच, लेंडी तितकीच. जागा वाढवली की खत पातळ पडणार. सहा रातींत दहा रातींचं खत येणार कुठून? आधी मोजायला हवं ना.”

स्नेहलला राहवलं नाही. “मॅडम, तोच प्रकल्प. वाफ्यावाफ्यातली मेथी तोलायची. पोरं करतील, आमच्याच वावरात.”

“किती वाफे?”

“चोवीस.”

“कमी आहेत. छत्तीस करा,” रणदिवे मॅडम म्हणाल्या, आणि सरांच्या हातातून खडू घेऊन फळ्याच्या मोकळ्या भागात चौकटी पाडायला लागल्या.

“कोपऱ्यांचं काय?” अध्यक्ष विचारत होते. “चार माणसं, सहा कोपरे. एक माणूस दीड कोपरा.”

“कुत्री किती आहेत त्यांच्याकडे?” इंजिनिअरिंगवाल्यांनी विचारलं.

“दोन,” सर म्हणाले.

“मग झालं! चार आणि दोन, सहा.”

“कुत्रा एका कोपऱ्याला थांबतो, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?” अध्यक्ष जवळजवळ ओरडले. “कुत्रा फिरता असतो! फिरता धरा!”

“फिरता धरला तर मग गोलच बरा की!”

“गोल नाही! गोलाने काय झालं ते बघितलंत ना!”

प्राचार्यांनी संधी साधून प्रस्तावाचं शेवटचं पान अध्यक्षांच्या कोपराजवळ सरकवलं. अध्यक्षांनी पेन काढलं, फळ्यावरची नजर न हलवता ‘शिफारस केली’ असं लिहिलं, सही केली आणि पान पुढे ढकललं. बाकीच्या दोघांनीही उभ्याउभ्याच सह्या ठोकल्या, एकाने द्राक्षाच्या रसाचा ठसाही सोडला. स्नेहलने ते पान दोन्ही हातांनी उचलून घेतलं. तीन सह्या. तिने त्या पुन्हा मोजल्या.

“माणसाला दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक शेजारच्या मेखेला...” अध्यक्ष कोट काढून खुर्चीवर टाकत होते.

“सर, माणूस झोपलेला आहे!”

“झोपेत कूस बदलतो की नाही?”

“बदलतो, पण किती अंशांत?” रणदिवे मॅडमनी विचारलं, आणि तिघंही एकदम फळ्याकडे वळले. तिघांच्या पाठी, तिघांचे वर उठलेले हात, आणि मधे खडूची पांढरी धूळ.

चितळकर सर त्या तीन पाठींच्या मागे थोडा वेळ उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, चौदा वर्षांपूर्वीचं ते मेंढराचं वाक्य सांगायचं असावं असे. पण ते त्यांनी दुसऱ्यांदा उच्चारलं नाही. खुर्चीला पाय लागू न देता, टेबलाला वळसा घालून, वही काखेत मारून ते दाराबाहेर पडले आणि यमाजीच्या कळपाकडे निघाले.